राज्यशास्त्राचा विद्यार्थी आणि त्याचा वाटाड्या

कोणताहि शहाणा व्यापारी आपलें सारें भांडवल एकाच मालांत घालीत नाहीं. आणि घातलेंच, तर तो माल न खपल्यास पुढें काय करावयाचें याचा विचार आधीं करून ठेवितो. हें व्यवहारज्ञान आमच्या शहरवासीयांस पिढ्यान् पिढ्या आहे. असें असतां तेच लोक आपल्या मुलामुलींचें सर्वांत मोलाचें भांडवल, म्हणजे विसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ, कसलाहि हिशेब न मांडतां एकाच डावावर लावितात, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटतें व खेदहि होतो. हा डाव म्हणजे स्पर्धा परीक्षा; आणि जणूं दुसरी वाटच नाहीं अशा समजुतीनें तिच्याकडे ढकलला जाणारा विद्यार्थी म्हणजे राज्यशास्त्र घेऊन बी. ए. होणारा विद्यार्थी होय.

हा विषय कां घेतलास, असें अशा विद्यार्थ्यास विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें : परीक्षेला उपयोगी पडतो म्हणून. उत्तर खोटें नाहीं. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत राज्यघटना, शासनव्यवहार, सामाजिक न्याय व परराष्ट्रसंबंध यांवर एक सबंध प्रश्नपत्रिका असते. शिवाय राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा ऐच्छिक विषयहि घेतां येतो. परंतु ही परीक्षा कोणत्याहि शाखेच्या पदवीधरास खुली आहे. डॉक्टर, इंजिनियर, वाणिज्य शाखेचे पदवीधर, सारे त्याच रांगेंत उभे असतात. फरक इतकाच कीं, अपयश आल्यास इंजिनियरास परत जावयास आपलें घर असतें. राज्यशास्त्राच्या पदवीधरासहि तसें घर आहे, हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें.

आतां या डावाचा हिशेब पाहूं. २०२४ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठीं ९ लाख ९२ हजारांहून अधिक उमेदवारांनीं अर्ज केले. त्यांपैकीं सुमारें ५ लाख ८३ हजार पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेस पात्र ठरले, आणि अखेर नेमणुकीसाठीं शिफारस झाली ती १००९ जणांची. म्हणजे बसलेल्या दर पांचशें-सहाशें उमेदवारांमागें एक. यांत आयोगाचा दोष नाहीं, जागाच तितक्या. खुल्या वर्गांतील उमेदवारास या परीक्षेस ३२ व्या वर्षापर्यंत सहा वेळां बसतां येतें. महाराष्ट्राच्या राज्यसेवेसाठीं वयाची हीच मर्यादा ३८ आहे. सवलत उदार खरी. पण उधारी जितकी लांबते तितकें व्याज चढतें, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. पुण्याच्या सदाशिव पेठेंत व नव्या पेठेंत खोलीचें भाडें, खाणावळ, अभ्यासिका व शिकवणी यांचा खर्च बीडचा किंवा यवतमाळचा शेतकरी बाप वर्षानुवर्षें भरीत असतो. मुलगा परत येतो तेव्हां त्याच्याजवळ पदवी असते, तीहि आठ-दहा वर्षांपूर्वींची, आणि मधल्या काळांत काय केलें या प्रश्नास सांगण्याजोगें उत्तर नसतें.

शिवाय ज्याचें सर्वस्व एकाच परीक्षेवर टांगलेलें असतें, त्याला त्या परीक्षेंतील प्रत्येक बदल हादरवून सोडतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक पद्धतीनें घेण्याचें महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें २०२२ सालीं जाहीर केलें व ती पद्धत २०२३ पासूनच लागू करण्याचें ठरविलें. त्यावर पुण्यांत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अखेर तो बदल २०२५ पर्यंत पुढें ढकलावा लागला. त्या वादांत कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नव्हे. मात्र त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. पर्यायांवर खुणा करण्याऐवजीं जेथें स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावयाचें आहे, तेथें ज्यानें तीन वर्षें आपला विषय मन लावून वाचला, त्यावर निबंध लिहिले, वाद घातले, त्याचाच पाया भक्कम ठरणार. म्हणजे कॉलेजाचे वर्ग बुडवून शिकवणीच्या मागें धांवणें ही परीक्षेचीहि तयारी नव्हे !

मग हें सर्व विद्यार्थ्यास कोणी सांगावयाचें ? येथेंच आमच्या कॉलेजांची खरी उणीव आहे. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेकडून येणाऱ्या तपासणीसाठीं प्रत्येक विद्यार्थ्यास एकेक मार्गदर्शक शिक्षक नेमल्याची नोंद ठेवावी लागते, आणि ती ठेविली जातेहि. पण नोंद ठेवणें निराळें आणि मार्गदर्शन करणें निराळें. कित्येक ठिकाणीं वहींत सह्या असतात, संभाषण मात्र झालेलें नसतें. मोकळ्या पडलेल्या या जागीं सल्लागार म्हणून येऊन बसतो तो खाजगी शिकवणीचा चालक. त्यांत सज्जन व विद्वान माणसें आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याचें उत्पन्न विद्यार्थ्याच्या होकारावर अवलंबून, त्यालाच मी या वाटेनें जाऊं कीं नको असें विचारणें, म्हणजे माल घ्यावा कीं न घ्यावा हें विकणाऱ्याच्या दलालास विचारण्यासारखें नव्हे काय ?

महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत सुशिक्षितांची संख्या शतपट वाढावी आणि त्या सर्वांनीं नोकरीच्या मागें न लागतां उपयुक्त धंद्यांत शिरावें, अशी इच्छा व्यक्त केली होती. संख्या शतपटीहून कितीतरी अधिक वाढली. इच्छेचा दुसरा भाग अद्याप पुरावयाचा आहे.

कोणी म्हणेल, राज्यशास्त्रास बाजारांत मोलच नाहीं, तेथें बिचारा सल्लागार काय करणार ? हा समज आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पहिलें दार कायद्याचें. कोणत्याहि शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करतां येतो. खुल्या वर्गास पदवींत ४५ टक्के गुण व प्रवेशपरीक्षा एवढीच अट आहे. आणि राज्यघटना वाचून आलेल्या विद्यार्थ्यास तेथें निम्मी वाट ओळखीची वाटते. दुसरें दार अध्यापनाचें. एम. ए. ला ५५ टक्के गुण आणि नेट अथवा सेट परीक्षा लागते; यांपैकीं महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठींची सेट परीक्षा पुण्याचें सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतें. मात्र कायम नेमणुकी थोड्या आणि तासिका तत्त्वावर राबणारे पुष्कळ, हेंहि प्रामाणिक सल्लागारानें त्याच दमांत सांगितलें पाहिजे. तिसरें दार विधिमंडळाच्या व सरकारच्या कामाचें. दिल्लींतील पी. आर. एस. या संस्थेमार्फत २५ वर्षांखालील पदवीधरांस एकेका खासदाराबरोबर सुमारें वर्षभर राहून विधेयकें, प्रश्न व चर्चा यांचा अभ्यास करण्याची संधि मिळते. महाराष्ट्रांत मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ सालीं सुरू झाली, मध्यंतरीं बंद पडली व २०२३ सालीं पुन्हां चालू झाली. तिची वयोमर्यादा २१ ते २६ आहे. या दोन्ही वाटा पंचविशीच्या आसपास बंद होतात. पांच वर्षें दुसऱ्याच परीक्षेंत घालविल्यावर त्यांची माहिती मिळून काय उपयोग ?

चवथें दार सर्वांत मोठें, घराजवळचें, आणि म्हणूनच बहुधा नजरेआड राहिलेलें. तें स्थानिक स्वराज्याचें. १९६१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापण्याचें ठरलें, १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तींनीं पंचायती व नगरपालिका यांस घटनेंत स्थान मिळालें, आणि २०११ पासून महाराष्ट्रांत या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. आज २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती, ३४ जिल्हा परिषदा आणि शेंकडों नगरपालिका येथें कारभार करीत आहेत. त्यांत निवडून आलेल्या किती सभासदांस अंदाजपत्रक वाचून दाखविणारें, ठरावाचा मसुदा करून देणारें, नियम कोठें आहे तें काढून देणारें माणूस मिळतें ? नव्यानें सरपंच झालेल्या बाईंच्या वतीनें घरांतील पुरुषानेंच कारभार हांकावा, या रोगावर जाणत्या पदवीधर मुलीच्या साह्याइतका गुणकारी उपाय आम्हांस तरी ठाऊक नाहीं. या क्षेत्राचें शिक्षण देणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था मुंबईंत १९२६ पासून आहे; पण राज्यशास्त्राच्या किती वर्गांत तिचें नांव उच्चारलें जातें ?

राजकारणासहि शिक्षण लागतें, हा विचार आमच्याकडे नवा नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापिला, तो देशकार्य करणारांस आधीं अभ्यासानें तयार करावें या हेतूनें. पुढें १९३० सालीं त्यांच्या नांवानें पुण्यांत जी संस्था निघाली, तिच्या नांवांत अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्रहि आहे. डॉ. आंबेडकर यांनीं तर आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, १९५६ सालीं, राजकारणांत प्रवेश करूं इच्छिणाऱ्यांसाठीं मुंबईंत एक शाळाच काढिली होती. या दोघांनींहि विषय व व्यवसाय यांची सांगड घातली होती. आम्हीं विषय ठेविला, सांगड सोडून दिली.

ती पुन्हां घालण्यास मोठा खर्च नको. पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्याशीं शिक्षकानें सहामाहींत निदान दोनदां अर्धा तास एकट्यानें बोलावें, आणि घरची स्थिति काय, आवड कशाची, इंग्रजी वाचन व हिशेब कितपत जमतो, हें समजून घ्यावें. कायदे, अहवाल व आंकडे यांचें पुष्कळसें वाङ्मय अद्याप इंग्रजींतच आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ही उणीव तिसऱ्या वर्षीं कळून भागत नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्याला ग्रामसभा, महापालिकेची सर्वसाधारण सभा, न्यायालय, वृत्तपत्राची कचेरी हीं प्रत्यक्ष दाखवावीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमांतच क्षेत्रप्रकल्प व प्रत्यक्ष काम यांस श्रेयांक ठेविले आहेत. ते कागदी अहवालांत न उधळतां या कामीं लावावे. तिसऱ्या वर्षीं त्याच्यापुढें वर दिलेल्यासारखे आंकडे न लपवितां मांडावे, आणि ज्याला स्पर्धा परीक्षा द्यावयाचीच असेल त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्या : किती वेळां बसणार, आणि तोंपर्यंत दुसरें काय हातीं धरणार. असें केल्यानें कोणाची उमेद खचेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या पाठीशीं दुसरें दार उघडें आहे तोच पहिल्या दाराशीं निर्भयपणें उभा राहतो.

यावर शिक्षक म्हणतील, आम्हांस वेळ कोठें आहे ? पदें रिकामीं, वर्ग मोठे, कागदपत्रें अपार. ही तक्रार खरी आहे, व रिकामीं पदें भरणें हें सरकारचें कर्तव्य आहे. पण वहींत सह्या घेण्यास जो वेळ लागतो, तोच संभाषणास द्यावा, इतकी मागणी अवाजवी खास नाहीं.

उरलें काम गांवकऱ्यांचें, आणि विशेषतः व्यापाऱ्यांचें आहे. २०१३ सालीं स्थानिक संस्था कराविरुद्ध आमच्या व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेविलीं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांस तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला. महापालिकेनें आपलें उत्पन्न कोठून मिळवावें, राज्यानें भरपाई किती द्यावी, कर बसविण्याचा अधिकार कोणाचा, हे सर्व प्रश्न दुकानदाराच्या गल्ल्याशीं भिडलेले असले तरी मुळांत राज्यशास्त्राचे आहेत. सरकार नियमांचे मसुदे प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवितें. मुदत निघून जाते आणि मग मोर्चा निघतो. प्रत्येक व्यापारी मंडळानें जवळच्या कॉलेजांतील दोन विद्यार्थी वर्षाकांठीं बेताच्या विद्यावेतनावर घेऊन त्यांच्याकडून हे मसुदे वाचवून घेतले, महापालिकेच्या अंदाजपत्रकाचें सोप्या मराठींत टांचण करविलें, तर मंडळाचें काम होईल आणि विद्यार्थ्यास धंदा दिसेल. हा दानधर्म नव्हे. रोकडा व्यवहार आहे.

आईबापांस आमचें सांगणें थोडकें आहे. येत्या प्रवेशाच्या वेळीं कॉलेजाची इमारत व निकालाचे टक्के पाहाल, त्याबरोबर हेंहि विचारा : आमच्या मुलाशीं कोण बोलणार, कितीदां बोलणार, आणि मागील तीन वर्षांतले तुमचे राज्यशास्त्राचे पदवीधर आज कोठें आहेत ? पहिल्या दोहोंचें उत्तर कोणतेंहि कॉलेज देईल. तिसऱ्याचें उत्तर ज्याच्या वहींत लिहिलेलें सांपडेल, त्याच कॉलेजांत खरा वाटाड्या आहे असें समजावें.