रोबोटच्या कन्सोलवर कोण बसणार?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले. त्यात बुलडाण्याचेही होते. मेहकर-लोणारकडच्या शेतमजुराचे पोर आता आपल्याच जिल्ह्यात एमबीबीएस होऊ शकेल, याचा आनंद आम्हाला आहेच. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे.

शस्त्रक्रियेचे शास्त्र आज रोबोटपर्यंत पोहोचले आहे. रोबोट म्हटले की लोकांना वाटते, यंत्रच ऑपरेशन करते. तसे मुळीच नाही. कन्सोलवर बसलेला सर्जन हात हलवतो, तेव्हाच रुग्णाजवळचे यांत्रिक हात हलतात. त्यासाठी आधी सिम्युलेटरवर तासन्‌तास सराव, मग प्रयोगशाळेत आणि शेवटी जाणत्या सर्जनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णावर. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, यंत्रापाशी बसूनच येते. यंत्र कोट्यवधींचे आणि ते मुख्यतः महानगरांतल्या बड्या रुग्णालयांत!

तिथे बसायला कोणाला मिळते? बहुधा मूत्ररोग, कर्करोग अशा शाखांत एम.सीएच. केलेल्याला. खरी मेख इथेच आहे. एमबीबीएसला आरक्षण आहे, एमडी-एमएसलाही आहे. मात्र अतिविशेष अभ्यासक्रमांत ते असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली प्रीती श्रीवास्तव खटल्यात सांगितले. शिडीच्या शेवटच्या पायऱ्या आमच्यासाठी अशा काढून घेतल्या गेल्या. त्यापुढचे रोबोटिक प्रशिक्षण तर बरेचसे यंत्र विकणाऱ्या कंपन्या आणि खासगी रुग्णालयांच्या हाती. तिथे ओळख आणि पैसा चालतो, आणि त्यालाच पुन्हा 'गुणवत्ता' म्हणायचे!

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले, की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात.

बुलडाण्यात उद्याच रोबोट आणा, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी आजही अकोला-नागपूर गाठावे लागणाऱ्या जिल्ह्यात आधी साधे सर्जन आणि भूलतज्ज्ञ हवेत. पण बार्टी पीएच.डी.ला फेलोशिप देते, तशी ती मागासवर्गीय सर्जनच्या रोबोटिक प्रशिक्षणाला का देऊ नये? सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक रोबोटवर त्यांच्यासाठी प्रशिक्षणाच्या जागा का राखू नयेत? बुलडाण्याची पहिली तुकडी एमएस करून एम.सीएच. होईपर्यंत २०३६ साल उजाडेल. सरकारकडे तेवढाच वेळ आहे.