देणगीदाराच्या मर्जीवर आमचे गणित का?



आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. गेली सात वर्षे मी तिथे काम करते. तीन वर्षांपूर्वी तिथली एक मुलगी बी.एस्सी.ला गणित घेऊन गेली. बारावीला गणितात ९१ गुण होते. दुसऱ्या सत्रात ती नापास झाली आणि तिने विषय सोडला. मी म्हटले, "अगं, सरांना विचारायचंस ना." ती म्हणाली, "ताई, पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. सर म्हणाले, एवढं येत नसेल तर इथे कशाला आलीस? मागून कुणीतरी 'कोटा' म्हणालं आणि वर्ग हसला. मग नाही विचारलं."

पुढच्याच वर्षी त्या महाविद्यालयात एका कंपनीच्या पैशातून 'गणितात सर्वांना संधी' असा एक दिवसाचा कार्यक्रम झाला. टी-शर्ट वाटले, स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी फळ्यावर कोडी सोडवली, व्यवस्थापकांच्या हस्ते दहा जणांना कॅलक्युलेटर दिले, फोटो निघाले. वर्गात हसणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही.

त्या स्वयंसेवक मुलांशी माझे भांडण नाही. प्रामाणिकपणे येऊन शिकवणारी पोरे मी पाहिली आहेत. माझे भांडण त्या समजुतीशी आहे, की आमच्या मुलांचे गणित कच्चे असते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी थोडी दया आणि थोडा निधी दिला की झाले.

ही समजूत खोटी आहे, याचा पुरावा पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत मिळाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत. उरी ट्राइसमन तेव्हा तिथे संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी प्राध्यापकांना कारणे विचारली. उत्तरे आपल्या ओळखीचीच आली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरात शिक्षणाचे वातावरण नाही, गरिबी आहे. ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. चारही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुले मेहनत करत होती, पण एकटी. वीसपैकी अठरा जण कधीच वर्गमित्रांबरोबर अभ्यास करत नव्हते. चिनी विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवत, कोणत्या सरांना काय लागते तेही एकमेकांना सांगत.

मग १९७८ च्या सुमारास कार्यशाळा सुरू झाली. ट्राइसमन यांनी तिला कच्च्या मुलांचा उजळणी वर्ग म्हटले नाही, गुणवंतांचा कार्यक्रम म्हटले. सोपी गणिते दिली नाहीत, नेहमीपेक्षा अवघड दिली, आणि ती गटात सोडवायला लावली. त्या कार्यशाळेतली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांच्याही पुढे गेली. मुले तीच होती. बदलली ती बसण्याची रीत आणि त्यांच्याकडे बघण्याची नजर.

आता आपल्या मुलीकडे बघा. तिने एकटीने अभ्यास का केला? प्रश्न विचारला की जात उघडी पडते, म्हणून. ज्याचा काका इंजिनिअर, आत्या प्राध्यापिका, शेजारी आयआयटीतला, त्याचा अभ्यासगट जन्मतःच तयार असतो. त्याला ते 'मेरिट' म्हणतात. आमच्या मुलीच्या एकटेपणाला ते 'पाया कच्चा' म्हणतात. या देशात जातीने माहिती अडवली, सोबत अडवली आणि नंतर परीक्षा घेतली.

डेव्हिड ब्लॅकवेल यांचे उदाहरण घ्या. १९४१ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. त्यानंतर लगेच बर्कलीत नेमणुकीचा विचार झाला आणि कातडीच्या रंगामुळे ती अडली. ते तिथे पोहोचले १९५४ मध्ये. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडले गेलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. आज एनव्हिडिया कंपनीच्या चिपला त्यांचे नाव आहे. ब्लॅकवेल यांचे गणित १९४१ लाही पक्केच होते. कच्चे होते ते विद्यापीठ.

प्रायोजकांबद्दल बोलायचे तर आपल्या बापाचाच इतिहास पुरेसा आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. सयाजीरावांचे ते ऋण आपण कधी नाकारत नाही. पण १९१७ मध्ये तेच बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. कोलंबियाची पदवी हातात होती आणि कचेरीतले लोक कागद लांबून टाकत होते. एक दाता मोठ्या मनाचा असला तरी त्याच्या दाराबाहेरची व्यवस्था तशीच राहते. म्हणून बाबासाहेब दाते शोधत बसले नाहीत. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि आरक्षण संविधानात हक्क म्हणून लिहून घेतले.

हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक अमेरिकेने नुकताच दाखवला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आणली. २०२५ मध्ये सरकार बदलताच विविधतेच्या नावाचे संशोधन अनुदान रद्द होऊ लागले. मेटा आणि गूगलसारख्या कंपन्यांनी आपली विविधतेची धोरणे गुंडाळली. काल प्रायोजकांच्या फलकावर ज्यांची बोधचिन्हे होती, ती आज नाहीत. ज्या मुलाचे गणित देणगीवर उभे होते, त्याने आता कोणाकडे जायचे?

आणि आपल्याकडे? या देशातल्या गणिताचे सर्वात मानाचे घर मुंबईत आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्था. प्रवेशातील आरक्षणाचा २००६ चा केंद्रीय कायदा आणि शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा २०१९ चा कायदा, दोन्हींच्या परिशिष्टात या संस्थेला सूट आहे. चालते सरकारी पैशावर, म्हणजे आपल्याही करावर. पण 'उत्कृष्टता' हा शब्द आला की आरक्षण दाराबाहेर. उत्कृष्टता आणि आम्ही एका खोलीत बसू शकत नाही, असे संसदेने दोनदा लिहून दिले आणि आपल्या चळवळीत त्यावर एक मोर्चा निघाला नाही.

म्हणून थोडे आपल्यालाही बोलायला हवे. मिलिंद महाविद्यालयाच्या आवारातून साहित्याची लाट उठली, तिचा अभिमान आहे. पण गणिताची लाट का उठली नाही, हे आपण कधी विचारले? आपल्या अभ्यासिकांत गणित म्हणजे एमपीएससीच्या युक्त्या. पोरगी गणितात एम.एस्सी. करते म्हटली की आपणच म्हणतो, "त्यात नोकरी काय?" मी स्वतः समाजशास्त्राची. गणिताची भीती मलाही होती आणि ती भीती मी विचारधारेच्या आड लपवली, हे आज कबूल करते. १४ एप्रिलला डीजे आणि फ्लेक्सवर जो पैसा जातो, त्यातला चौथा हिस्सा तरी वर्गावर खर्च झाला असता तर कंपनीच्या कॅलक्युलेटरची वाट बघावी लागली नसती.

मग करायचे काय? बॉब मोझेस हे नाव ध्यानात ठेवा. मिसिसिपीत जीव धोक्यात घालून कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारा हा कार्यकर्ता. १९८२ मध्ये त्यांनी अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला. त्यांचे म्हणणे असे, की काल मतदानाचा हक्क जसा होता, तसा आज बीजगणिताचा हक्क आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे यंग पीपल्स प्रोजेक्ट काढला. तिथे मोठी मुले लहान मुलांना गणित शिकवतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. संध्याकाळी डिलिव्हरीच्या गाडीवर फिरणारा आपला पोरगा फुकट स्वयंसेवक होऊ शकत नाही. सेवा फुकट मागितली की सेवा करायला फक्त खातेपिते येतात, आणि मग शिकवणारा वरचा, शिकणारा खालचा ही जुनीच उतरंड पुन्हा उभी राहते.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन दिवस गणिताचा गट बसावा, अवघड गणिते घेऊन, आणि शिकवणाऱ्या आपल्याच सीनियर विद्यार्थ्याला मानधन मिळावे. दुसरी, देणगी जरूर घ्यावी, पण पैसा कुठे जाईल हे समिती ठरवेल. फोटो आणि फलक ही अट असेल तर नम्रपणे परत करावी. तिसरी, त्या दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टांविरुद्ध विद्यार्थी संघटनांनी रस्त्यावर आणि न्यायालयात, दोन्हीकडे उभे राहावे. पहिले काम उद्यापासून होईल, तिसऱ्याला वर्षे लागतील. पहिल्यातून मुले तयार झाली नाहीत तर तिसरे जिंकूनही उपयोग नाही. आणि तिसरे लढलो नाही तर पहिल्यातून तयार झालेली मुले दाराशीच उभी राहतील.

'शिका' आणि 'संघटित व्हा' या आपण दोन वेगळ्या पायऱ्या समजतो. गणिताच्या बाबतीत तरी त्या एकच आहेत. एकटे शिकाल तर हराल.

ती मुलगी आता एका दुकानात हिशेब लिहिते. मागच्या रविवारी तिला अभ्यासिकेत बोलावले आणि अकरावीच्या सहा मुली तिच्यासमोर बसवल्या. मानधन महिना दीड हजार, वस्तीतल्या पंधरा घरांनी शंभर-शंभर रुपये काढले आहेत. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, "ताई, हे असं का?" कोणी हसले नाही.

जयभीम!