अर्ध्या वर्षाचा संसार

परदेशातल्या नोकरीचे पत्र घरात आले, की आमच्या कोकणात एकच प्रश्न विचारला जातो : "मिळणार किती?" दुसरा प्रश्न बहुधा नसतोच, असलाच तर "विमानाचे भाडे कंपनी देणार ना?" एवढाच. मग पेढे येतात, ग्रामदेवतेपुढे नारळ फुटतो, आणि जिचा नवरा वर्षातले सहा-आठ महिने दिसेनासा होणार असतो, ती बाई स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा गाळीत उभी असते. तिला कोणी काही विचारलेले नसते. तिला विचारावयाचे असते, हेच कोणाच्या ध्यानी नसते.

या रिवाजाशी मला भांडावयाचे आहे. ऐन सणात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण सणातच घरे भरतात. काका, मामा, आत्या एकत्र जमतात, आणि चिवड्या-चकलीच्या ताटाभोवती पोरांच्या नोकऱ्यांचे निकाल लागतात. तेव्हा भांडावयाचे तर ते आताच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. "जाऊ नका" असे सांगणाऱ्यांपैकी मी नव्हे. आपले निवृत्तिवेतन दरमहा बिनचूक घेत, झोपाळ्यावर बसून तरुणांना मातृभूमीचे धडे देणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. ज्याच्या घराचे छप्पर दर पावसाळ्यात गळते, ज्याच्या बहिणीचे लग्न खोळंबले आहे, त्याने समुद्राकडे पाहिले तर त्यात लोभ कसला? आमच्या किनाऱ्यावरची किती घरे बोटीवरच्या पगारातून उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा मुद्दा निराळा आहे. परदेशी जाऊन बायकामुलांसह बिऱ्हाड थाटणे ही एक गोष्ट, आणि पाळीची नोकरी ही दुसरी. आखातातल्या तेलाच्या रिगवर कोठे २८ दिवस काम आणि २८ दिवस रजा असते, कोठे ५६ दिवसांवर २८. जहाजावर सहा, आठ, नऊ महिन्यांचा करार असतो, आणि मग दोन-चार महिने घर. अशा नोकरीत माणूस आपले श्रम तर विकतोच. पण त्याबरोबर घरातली आपली जागाही ठरावीक मुदतीने रिकामी करून देतो. श्रम त्याचे एकट्याचे आहेत, ते त्याने खुशाल विकावेत. पण ती रिकामी जागा एकट्याची नाही. ती भरून काढणारे माणूस दुसरेच असते. म्हणून माझे म्हणणे असे, की या करारावर दोन सह्या हव्यात : एक जाणाऱ्याची आणि एक राहणाऱ्या बायकोची. दुसरी सही कागदावर नसली तरी चालेल. पण ती घेतल्यावाचून पहिली होता कामा नये.

कोकणाला हे दुःख नवे नाही. चाकरमानी हा शब्दच आम्ही घडविला. नवरा गिरणगावात, जेवण खानावळीत, अंथरूण दहाजणांच्या खोलीत. बायको गावी, शेतावर. आणि दोघांच्या मध्ये मनिऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला तो यायचा, तेवढाच संसार. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि कित्येक गिरण्यांची धुरांडी पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाहीत. माझे बालपण त्या संपानंतरच्या गावात गेले. कायमचे परत आलेले बाप आम्ही मुलांनी पाहिले. त्यांना घरात कोठे बसावे तेही उमगत नसे. घर त्यांच्यावाचून चालावयास शिकले होते, आणि एकदा शिकलेले घर सहजी विसरत नाही. ज्या बायांनी वीस-वीस वर्षे ते घर चालविले, त्यांचा त्याग आम्ही ओव्यांत आणि भाषणांत पुष्कळ गायिला. त्यांचे मत मात्र एकदाही घेतले नाही. आज धुरांड्याच्या जागी रिग आली आहे आणि मनिऑर्डरीच्या जागी बँकेचा संदेश. रिवाज तोच आहे.

मी शाळेत शिकविते. "माझे बाबा" हा निबंध दरवर्षी लिहून घेते. ज्यांचे बाप बोटीवर आहेत त्या मुलांचे निबंध वाचले, की त्यांत वस्तूंची यादी सापडते : बूट, घड्याळ, चॉकलेटचा डबा, फोन. बापाची एखादी सवय, एखादे रागावणे, एखादी थट्टा त्यांत क्वचितच आढळते. एका मुलाने लिहिले होते, "बाबा आले की आई बाहेरच्या खोलीत हसते." एवढे एकच वाक्य खरे बापाचे होते, आणि तेही आईबद्दल होते! प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी वर्षभर आईची सही असते. मग ज्या बाईची सही मुलाच्या गणिताच्या गुणांना चालते, ती त्याच्या बापाच्या कराराला का नको?

आता थोडे गणित. २८-२८ ची नोकरी वीस वर्षे केली, तर दहा वर्षे घराबाहेर. आठ महिने जहाज आणि चार महिने घर, असे वीस वर्षे केले तर तेरा वर्षे चार महिने बाहेर. हे आकडे कोणताही चौथीतला मुलगा काढील. पण पेढे वाटणाऱ्या एकाही घरात ते मांडलेले मी पाहिले नाहीत. पगाराचेही तसेच. पुष्कळ जहाजांवर खलाशाला पगार कराराच्या महिन्यांपुरताच मिळतो. समजा, महिना ६०,००० रुपये ठरले आणि वर्षात आठ महिने काम झाले, तर वर्षाचे ४,८०,००० होतात, म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर महिना ४०,०००. लग्न जमविताना मात्र साठच सांगितले जातात, आणि उरलेल्या वीस हजारांची तोंडमिळवणी कोण करते? तीच, चहा गाळणारी.

माझ्या विरोधकांच्या हाती काही हत्यारे आहेत. पहिले : "सैनिकही जातोच ना?" जातो. पण देशाने त्याला बोलाविले आहे. त्याच्या मागे निवृत्तिवेतन आहे, त्याच्या पत्नीला समाज मान देतो. रिगवरच्या फिटरच्या बायकोला समाज एवढेच विचारतो, "यंदा काय पाठवलं?"

दुसरे : "आता समोरासमोर दिसत बोलता येते, अंतर राहिले कोठे?" फोनच्या काचेवर पोराचे कपाळ दिसते; त्यातला ताप कळत नाही. आणि भांडण झाले तर तिकडचे जाळे तुटते, की तोडले जाते, हेही कळत नाही.

तिसरे हत्यार खरोखर धारदार आहे. "बाई, विरारहून पहाटेची गाडी पकडून चर्चगेटला जाणारा बाप रात्री नऊला घरी येतो. त्याची पोरे तो जाताना झोपलेली आणि येताना पेंगुळलेली. त्यापेक्षा २८ दिवस सलग घरी राहणारा बरा नव्हे काय?" याला मी मान देते. असे बाप मी पाहिले आहेत, जे रजेत मुलाला शाळेत पोहोचवितात, पोहावयास शिकवितात, बायकोला माहेरी नेतात. पण याचा अर्थ काय झाला? नोकरी चांगली की वाईट हे पगारावर ठरत नाही. ते दिवसांवर आणि त्या दिवसांच्या वापरावर ठरते. हेच तर मी मघापासून ओरडून सांगते आहे!

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी घेऊन गेला. आयटीआय झालेला, फिटर, सत्तावीस वर्षांचा. पदरी वर्षाची मुलगी. आखातातल्या रिगवर २८-२८ ची जागा चालून आली होती. "बाई, तुम्ही जरा कागद वाचा," म्हणाला. ओसरीवर सगळे जमलेले. वडिलांनी कर्जाचा आकडा सांगितला, मामांनी घराच्या दुसऱ्या मजल्याचा. मी म्हटले, "अरे, तुझी बायको काय म्हणते?" सासूबाई हसल्या, "तिला काय कळतंय त्यातलं!" ती दाराशी उभी होती. हळूच म्हणाली, "बाई, अठ्ठावीस दिवस कुठून मोजायचे? घर सोडलं तिथून, की रिगवर चढले तिथून?"

ओसरी गप्प झाली. इतक्या शहाण्या माणसांत हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. एजंटाला फोन झाला. तो आधी वैतागला, मग बोलला : रिगवर चढल्यापासून, जाण्यायेण्याचे चार दिवस रजेतून. म्हणजे ५६ दिवसांच्या फेऱ्यात ३२ दिवस बाहेर आणि २४ घरी. वर्षात असे साडेसहा फेरे धरले, तर सव्वीस दिवस गेले. सव्वीस दिवस म्हणजे पोरीचा जवळजवळ एक महिना, आणि तो कागदावर कोठेही नव्हता. तो हिशेब त्या दोघांनी मग माझ्यासमोर वहीत मांडला, कर्ज किती वर्षांत फिटते ते पाहिले, आणि तीन वर्षे ठरविली. तो गेला. मला त्याचे वाईट वाटत नाही. दोघांनी ठरवून दोघे त्याची किंमत मोजताहेत. ज्या घरी हे बोलणे होत नाही, तेथे किंमत एकच माणूस मोजते.

शिवाय कागद वाचणारे दुसरे कोणी आहे, अशा भ्रमात राहू नका. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे, आखाती देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. मॅट्रिक झालेला माणूस स्वतःचे हित पाहू शकतो, असे कायदा गृहीत धरतो. मी स्वतः मॅट्रिकच आहे, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण त्या कराराच्या बारीक अक्षरांपुढे मला दोनदा चष्मा पुसावा लागला. तेव्हा ज्या पोराला आम्ही शाळेतून दहावीचा दाखला देतो, त्याच्याकडे तपासनीस येणार नाही. त्याचे घर हाच त्याचा तपासनीस.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी नियम आहेत, ते तरी घरातल्यांनी पाठ करावेत. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यानुसार खलाशाला चोवीस तासांत निदान दहा आणि आठवड्यात निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती हवी. बारा महिने पुरे होण्याआधी त्याला स्वखर्चावाचून घरी पाठविण्याची व्यवस्था हवी. आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून दलाली घेता येत नाही. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेनेच ही भरती करावयाची असते. असे असता आईच्या पाटल्या मोडून एजंटाच्या हातावर लाखांनी रुपये ठेवणारी घरे आमच्याकडे आहेत! जो जागेसाठी पैसे मागतो, त्याला ओसरीवरूनच वाटेला लावावे.

आणि नियम असूनही परतीची तारीख हातात नसते, हे विसरू नये. २०२० च्या महामारीत करार संपलेले सुमारे चार लाख खलाशी जगभर जहाजांवरच अडकून पडले. २०२४ साली तीनशेहून अधिक जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली. पगार नाही, परतीची सोय नाही. त्यांवरच्या तीन हजारांहून अधिक माणसांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची होती. अशा वेळी बोटीवर एकजण अडकतो आणि घरी चारजण. त्या चौघांना ही जोखीम आधी ठाऊक असणे, हा त्यांचा हक्क आहे.

म्हणून या दिवाळीत तुमच्या घरी असे पत्र आले असेल, तर एवढे करा. आकडा विचारण्याआधी दिवस विचारा : जायचे किती, राहायचे किती, आणि प्रवास कोणाच्या खात्यात? रजेत पगार आहे की नाही? किती वर्षे जाणार, आणि ती संपल्यावर काय करणार? पोर आजारी पडले, सासरा पडला, तर निर्णय कोणी घ्यायचा, आणि घेतल्यावर त्याला फोनवरून नावे ठेवायची नाहीत, हे कबूल आहे काय? पैसे कोणाच्या नावावर येणार? यांतल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देताना ती ओसरीवर बसलेली असू द्या, दाराआड नव्हे. आणि ती "नको" म्हणाली, तर तिला भित्री, अडाणी, संसाराची वैरीण ठरवू नका. जो समुद्रात जातो त्याला "नाही" म्हणण्याचा अधिकार आहे. जी मागे राहते तिलाही तो असलाच पाहिजे.

चहा त्या दिवशी मामांनी गाळला, तर कोकण काही बुडणार नाही.