‘हातची चव’ नावाची पळवाट

औंध म्हटलं की पुण्यातल्या आयटीवाल्यांना ब्रेमेन चौक आठवतो. माझं औंध ते नव्हे. माझं औंध सातारा जिल्ह्यातलं, डोंगरावर यमाईचं देऊळ असलेलं. तिथे माझी आत्या राहते. मागच्या शनिवारी आम्ही चार भाऊ (सगळे लॅपटॉपवर पोट भरणारे) तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिथे जे झालं ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

पानात बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा आणि डावीकडे डाळिंबाची कोशिंबीर. डाळिंबं आटपाडीची. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली तरी पूर्वी औंध संस्थानातलीच. पहिला घास गेला आणि आमचं नेहमीचं कीर्तन सुरू झालं. हल्ली हे कोणी करतच नाही. लग्नात फ्रूट रायता म्हणून जे वाढतात ते डब्यातली फळं आणि गोड दह्याचं रबडं असतं. अहो, रायतं या नावातच राई आहे, आणि त्या पातेल्यात मोहरीचा एक दाणा नसतो! वगैरे वगैरे. शेवटी मी ठेवणीतलं वाक्य टाकलं, "आत्या, तुझ्या हातची चव कुठेच येत नाही बघ."

आत्याच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. ती म्हणाली, "हातची चव म्हणजे काय रे? हात दुखतो, ती का?"

चौघेही गप्प. चार डाळिंबं तिने डाव्या हाताने सोलली होती. आम्ही सकाळी दहापासून बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसलो होतो.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. "हातची चव" ही स्तुती नाही, पळवाट आहे. एखादी गोष्ट एकाच माणसाला जमते असं ठरवून टाकलं की ती शिकायची जबाबदारी बाकीच्यांवर राहत नाही. ऑफिसात एकाच माणसाला माहीत असलेल्या कोडला आपण धोका म्हणतो, त्याला डॉक्युमेंटेशन लिहायला बसवतो. घरात त्याच परिस्थितीला आपण परंपरा म्हणतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.

त्यात अवघड काय आहे, तेही सांगतो. चार माणसांना दोन डाळिंबं. वरचा तुरा कापायचा, सालीला उभ्या चिरा द्यायच्या आणि पाण्याच्या पातेल्यात फोडायचं. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. दाणे निथळून वाटीभर घट्ट, ताज्या दह्यात घालायचे. चिमूटभर साखर, कोथिंबीर. चमचाभर तुपात जिरं आणि एक हिरवी मिरची, ती फोडणी वरून. मीठ अगदी पानं घेताना, कारण मीठ आधी घातलं की दाण्यांना पाणी सुटतं. केळं असेल तर आयत्या वेळी चिरायचं, नाहीतर काळं पडतं. कच्चा अननस दह्यात घालून ठेवायचा नाही, त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दही कडू होतं. आधी शिजवून घेतला तर चालतो. झालं. मी घड्याळ लावलं, अठरा मिनिटं लागली. स्टँडअप मीटिंगसुद्धा कधीकधी याहून लांबते.

"हे सगळं हवंच कशाला, तोंडी लावणं तर आहे," असं कोणी म्हणेल. खर्डा खाऊन बघा. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊनही जीभ जळतच राहते. दह्यातलं केसीन त्याला धरतं आणि जिभेवरून काढून नेतं. कोशिंबिरीने गार वाटतं ते असं. व्हॉट्सॲपवर येतं की आयुर्वेदात दही उष्ण मानलंय. मानलंय, खरं आहे. ज्याला पटतं त्याने जरूर दही सोडावं. पण हा आक्षेप सोलायची वेळ आली की आठवतो, खायच्या वेळी नाही, एवढंच माझं निरीक्षण.

आणि "वेळ नाही" म्हणणाऱ्यांनो, वेळ तुमचा जात नव्हता म्हणून कोशिंबीर रोज पानात होती. आईने, बायकोने हात आखडता घेतला तेव्हा सगळ्यात आधी पानाची डावी बाजू रिकामी झाली, आणि आपण दोष मॉलला, ग्लोबलायझेशनला आणि केटररला दिला.

याच औंधात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यघटना लागू करून संस्थानचा कारभार लोकांच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन यांची मदत होती. राजाला गादीवरचे अधिकार सोडता आले. आमच्याने पाटावर बसून वाढून घ्यायचा अधिकार सुटत नाही.

असो. रविवारी घरी येऊन मी कोशिंबीर केली. गुलाबी पाणी झालं. आत्याला फोन केला तर हॅलोच्या आधी म्हणाली, "मीठ आधी घातलंस ना?" वरची मिठाची सूचना तिथून आली आहे. बुधवारी पुन्हा केली, ती जमली. आत्याइतकी? नाही. पण खर्ड्याबरोबर संपली.

पुढच्या महिन्यात परत औंधला जातोय. डाळिंबं आम्ही सोलणार, असं भावांच्या ग्रुपवर टाकलंय. तिघांनी अंगठा दाखवलाय. सकाळी नऊला पोचायचंय हे लिहिल्यावर मात्र एकाचंच उत्तर आलं.