दिवेलागणीला मिटणारी पापणी

सकाळी नीट उघडलेले डोळे दिवेलागणीला अर्धे मिटू लागतात, शेवटचे घास चावताना जबडा थकतो, समोरचा एक माणूस दोन दिसतो. आपल्या घरातील ज्येष्ठांची अशी तक्रार असेल, तर ती वयाच्या किंवा मोतीबिंदूच्या खात्यावर टाकून स्वस्थ बसू नका. श्रमाने वाढणारा व विश्रांतीने ओसरणारा हा अशक्तपणा मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकाराचा असू शकतो. या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ जणांना थायमस ग्रंथीची गाठ असते. म्हणूनच रक्ततपासणीबरोबर छातीचा सीटी स्कॅन सांगितला जातो. डोळ्याच्या दुखण्याला छातीची तपासणी कशाला, असे म्हणून तो टाळू नये. साध्या एक्स-रेत लहान गाठ निसटू शकते.

ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. बालपणी ती रोगप्रतिकारक पेशी घडवते आणि पुढे आक्रसत जाते. मराठीतील ‘यौवनलोपी ग्रंथी’ हे नाव किती नेमके आहे!

लहान, स्पष्ट सीमेची गाठ बहुधा सुईने तुकडा न घेता आवरणासह अखंड काढतात. तपासल्याविना शस्त्रक्रिया कशी, अशी शंका नातेवाइकांना येते. पण आवरण फुटू न देणे हाच त्यामागील हेतू असतो.

नंतरच्या अहवालातील अक्षरे घाबरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ए, एबी, बी१, बी२, बी३ हे थायमोमाचे मुख्य प्रकार पेशींच्या रूपावरून ठरतात. थायमिक कार्सिनोमा हा त्यांहून वेगळा व अधिक आक्रमक. अक्षर म्हणजे टप्पा नव्हे. टप्पा गाठ कुठवर पसरली यावरून ठरतो. जपानी शल्यविशारद मासाओका यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत पहिल्या टप्प्यात गाठ आवरणातच असते, तिसऱ्यात ती फुप्फुस, हृदयावरण किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरलेली असते. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारा: टप्पा कोणता, आणि गाठ संपूर्ण निघाली का? पुढील वाटचाल अक्षरापेक्षा यांवर अधिक अवलंबून असते.

जिंतूर-गंगाखेडहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला निघाल, तेव्हा केवळ कागद नेऊ नका. सीटीची सीडी, काचपट्ट्या आणि मेणातील ऊतीचे ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून सोबत घ्या. मायस्थेनिया असल्यास तसे चिठ्ठीवर ठळक लिहून ठेवा. काही प्रतिजैविके व मॅग्नेशियमची इंजेक्शने या रुग्णांचा श्वास अडवू शकतात.