काळ्या जमिनीवरचे फाटक

वाचकहो, मागील अंकात आपण वखारीतील ओल आणि तिचे निवारण या विषयाचा विचार केला. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार आला आहे : ‘बंगल्याचे विजेवर चालणारे फाटक पावसाळ्यात अडते आणि उन्हाळ्यात खडखडते. मोटार दुरुस्त केली, बदलली, तरी गुण येत नाही. काय करावे?’ ही पत्रे बार्शी, लातूर, परभणी, अकोला अशा ठिकाणांहून आली आहेत. गावे वेगवेगळी असली तरी त्यांच्याखालची जमीन एकाच जातीची आहे, आणि या प्रश्नाचे उत्तरही त्या जमिनीतच आहे. ते मला शोधून सापडलेले नाही. तीन वर्षांचा त्रास आणि एक मोठी धास्ती सोसल्यावर उमगले आहे.

आमची भुसार मालाची आडत. बाजारातील जुन्या घरात जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावाबाहेर बंगला बांधला. हौसेने समोर रुळावर सरकणारे लोखंडी फाटक बसवले; खटका दाबला की उघडणारे. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी आषाढात फाटक मध्येच थांबू लागले. बसवून देणारा कारागीर आला, त्याने काही दाते घासले, वंगण घातले, पैसे घेतले. पुढच्या वैशाखात दातेरी चाक पट्टीवरून निसटून कर्कश आवाज करू लागले. पुन्हा कारागीर, पुन्हा पावती. तिसऱ्या पावसाळ्यात फाटक पुन्हा अडू लागले तेव्हा त्याने यंत्राची पेटी उघडून आतील एक खुंटी फिरवली आणि म्हणाला, ‘आता जोर वाढवला आहे, अडणार नाही.’ फाटक खरोखरच अडेनासे झाले. आम्हीही समाधान मानले.

पंधरा दिवसांनी आमची दहा वर्षांची नात शाळेतून सायकलवर आली. फाटक बंद होत असताना ती मधून निघू पाहत होती. अशा वेळी फाटकाने अडथळा ओळखून थांबावे व मागे जावे, अशी त्यात सोय होती. ते थांबले नाही. पोरीने प्रसंगावधान राखून सायकल सोडून उडी मारली. सायकलचे पुढचे चाक आमच्या डोळ्यांदेखत वाकले. मुलीला खरचटलेही नाही, ही पुण्याई; पण त्या रात्री घरात कोणालाही झोप लागली नाही. दोष झाकण्यासाठी वाढवलेल्या जोराने तिच्या रक्षणाची सोयच निकामी केली होती, आणि त्या जोराचे पैसे मीच मोजले होते.

दुसऱ्या दिवशी मोटारीची वीज तोडली, फाटक हाताने ओढायचे ठरवले आणि आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. खिशातून ओळंबा काढला, खांबाला लावला आणि दोरीकडे पाहत म्हणाले, ‘अण्णा, मशिनीचा काय दोष? भुई हालतीया. रूळ एका भुईवर, मशीन दुसऱ्या भुईवर. दोघांचं जमायचं कसं?’

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रुळाखाली काँक्रीटचा एक लांब पट्टा होता आणि मोटारीखाली वेगळा चौथरा. दोन्ही जेमतेम दीड हात खोल. सरकत्या फाटकात मोटारीचे दातेरी चाक आणि फाटकाची दातेरी पट्टी यांच्यात एक ते दोन मिलिमीटर फट राखावी लागते. फट मिटली की फाटकाचे सारे वजन चाकाच्या दांड्यावर येते. फट वाढली की दाते निसटतात. रूळ आणि चौथरा पावसाळ्यात निरनिराळ्या प्रमाणात उचलले जात आणि उन्हाळ्यात निरनिराळ्या प्रमाणात खाली बसत. दोन मिलिमीटरांच्या हिशेबावर चालणारे यंत्र त्या जागी टिकणार कसे?

आपल्या दख्खनच्या पठारावरील काळी जमीन ही बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे. कापूस, तूर, ज्वारी यांना ती मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते; आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या या जमिनीच्या पिकावरच उभ्या आहेत. परंतु ज्या गुणाने ती पिकाला सांभाळते, त्याच गुणाने ती बांधकामाला छळते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची अतिसूक्ष्म कणांची चिकणमाती असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे असून पाणी मिळाले की त्या पापुद्र्यांमध्ये शिरते आणि माती फुगते. वाळली की आकसते व खोल भेगा पडतात. ही हालचाल पृष्ठभागापुरती नसते. ओलाव्याच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या बदलाचा परिणाम आपल्याकडे साधारणतः दीड ते साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोचतो. तिच्यावर जड इमारत असली तर वजनाने ती थोडीबहुत दबून राहते. फाटक, कुंपण, फरशी अशी हलकी कामे मात्र ती सहज उचलते. म्हणूनच बंगला शाबूत राहतो आणि फाटक बिघडते.

आपल्या जागेची माती या जातीची आहे किंवा नाही, याचा अंदाज घरी घेता येतो. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. सारख्या वजनाचे दोन भाग करून दोन सारख्या उभ्या काचपात्रांत घालावेत. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतावे आणि ढवळून एक दिवस स्थिर ठेवावे. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते. दोन्ही पात्रांत तळाशी बसलेल्या मातीच्या उंचीत जितका फरक, तितकी माती फुगणारी. प्रयोगशाळेत हीच परीक्षा दहा-दहा ग्रॅम माती घेऊन काटेकोरपणे करतात. मातीचा साठा पाण्यात दीडपट किंवा त्याहून अधिक उंच दिसला, तर साध्या उथळ पायावर विसंबू नये.

परंतु मातीवर ठपका ठेवण्यापूर्वी हिशेब पाहिला पाहिजे. व्यापारी माणसाला वही नवी नाही. फाटकाचीही एक वही घालावी. दर महिन्याच्या ठरावीक तिथीला खांबाचा ओळंबा, फाटक आणि खांब यांतील वरची व खालची फट, रुळाच्या दोन टोकांची व मध्याची पातळी, आणि चाक व पट्टी यांतील अंतर एवढे आकडे लिहावेत. मोजण्याच्या जागांवर रंगाची खूण करावी. वर्षभरात चित्र स्पष्ट होते. आकडे पावसाळ्यात एका बाजूला व उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला जात असतील, तर जमीन ऋतूप्रमाणे हलते आहे. ते एकाच दिशेने सरकत राहिले तर पाया खचत आहे किंवा जमिनीखाली एखादा नळ गळत आहे. आणि आकडे जागच्या जागी असूनही फाटक अडत असेल, तरच दोष यंत्राचा.

आता दुरुस्तीचा क्रम. आमच्या अनुभवाने तो असा आहे : आधी पाणी, मग पाया, मग फाटक आणि सर्वांत शेवटी मोटार. आपण नेमके उलट करतो. कारण मोटारीचा माणूस फोन केला की येतो, आणि जमिनीकडे पाहणाऱ्याला शोधावे लागते.

पाण्याचे काम स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. जमीन कोरडी असली किंवा ओली असली तरी तितका उपद्रव होत नाही. ती आलटून पालटून कोरडी-ओली झाली की होतो. छपराच्या पन्हाळीचे पाणी खांबाजवळ पडू देऊ नये. पाण्याच्या टाकीचे वाहून जाणारे पाणी दूर न्यावे. खांबाला लागून फुलझाडांचा वाफा असल्यास तो हलवावा. मोठ्या झाडांची मुळे उन्हाळ्यात जमिनीतील ओल शोषून घेतात, म्हणून फाटकाजवळ नीलगिरीसारखे झाड लावू नये. फाटकाच्या भोवती बाहेर उतार असलेली फरशी करावी. आमच्याकडे आणखी एक चूक निघाली : चौथऱ्याभोवतीचा खड्डा वाळूने भरला होता. वाळू ही काळ्या जमिनीत पाण्याची टाकीच होते. वाटेखालची वरची काळी माती काढून तेथे न फुगणारा चिकट मुरूम थराथराने ओला करून ठोकून बसवावा. अशा न फुगणाऱ्या थराची रीत मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासपूर्वक मांडली होती.

पायाचा नियम सोपा आहे : जी जमीन हलते तिच्याखाली जावे. दीड-दोन मीटरवर कठीण मुरूम लागत असेल तर खांबाचा पाया तेथवर न्यावा. आमच्याकडे तो लागला नाही, म्हणून अभियंत्यांच्या सल्ल्याने तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे स्तंभ जमिनीत उतरवले. खोल काळ्या जमिनीत अशा स्तंभाची लांबी निदान साडेतीन मीटर ठेवावी असे भारतीय मानक सांगते. खालचा फुगवटा स्तंभाच्या व्यासाच्या अडीचपट असतो व तो स्तंभाला नांगराप्रमाणे धरून ठेवतो. ही पद्धत रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या जमिनीसाठी विकसित केली. स्तंभांच्या माथ्यावर एकच तुळई टाकून तिच्यावर रूळ, खांब आणि मोटारीचा चौथरा असे तिन्ही एकत्र घेतले. तुळईच्या खाली निदान आठ सेंटिमीटर पोकळी ठेवणे अत्यावश्यक. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, तुळईला ढकलणार नाही. ती पोकळी मातीने भरू नये म्हणून कडेला आडोसा करावा. वखारीच्या फाटकावरून मालमोटारी जात असतील, तर तुळईचा हिशेब त्या वजनाने अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

एवढे खोदकाम शक्य नसेल तर रूळच नको असलेले फाटक घेता येते. हे फाटक एका बाजूच्या आधारावर अधांतरी सरकते, वाटेच्या फरशीला टेकत नाही. मात्र त्याची लांबी वाटेच्या सुमारे दीडपट लागते आणि आधाराच्या खांबांचा पाया खोल असावाच लागतो. दोन दारांचे झुलते फाटक असेल तर बिजागऱ्या आट्यांनी मागे-पुढे करता येतील अशा घ्याव्यात आणि दाराखाली ऐसपैस मोकळी जागा ठेवावी. विजेच्या तारांनाही थोडी ढिलाई हवी. जमिनीतील नळी ताणली गेली की तार तुटते व पाणी आत शिरते.

हे सर्व झाल्यावर मोटारीकडे यावे. फाटक प्रथम मोटारीपासून सोडवून हाताने ढकलून पाहावे. एका माणसाने सहज, सारख्या जोराने या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सरकले पाहिजे. न सरकणारे फाटक मोटारीला जोडू नये. मग चाक व पट्टी यांतील फट, दोन्ही टोकांचे थांबण्याचे खटके, आणि शेवटी जोर. तोही फाटक हलण्यास पुरेल इतकाच. बंद होणाऱ्या वाटेत लाकडी ठोकळा ठेवून पाहावे. फाटकाने थांबून मागे गेले पाहिजे. ही परीक्षा हाताने किंवा पायाने कधीही करू नये. प्रकाशकिरणाने अडथळा ओळखणारा डोळा दोन्ही बाजूंनी बसवावा व त्याची काच पुसत जावी. हाताने फाटक सोडवण्याची किल्ली कोठे आहे, हे घरातील सुनांना, मुलांना आणि पहारेकऱ्यालाही ठाऊक असावे. वीज गेलेली असताना किंवा आग लागली असताना ती शोधत बसणे परवडत नाही.

काम देताना एक काळजी घ्यावी. गवंडी, लोहार आणि वीजकारागीर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून पाया कोणाचा, रुळाची पातळी कोणाची, मोटारीची जुळणी कोणाची, हे कागदावर लिहून घ्यावे, आणि शेवटची रक्कम एक पावसाळा उलटल्यावर द्यावी. ही अट आधी बोलून ठरवलेली असली तर कोणाचे मन दुखत नाही.

आमच्या वहीत पूर्वी वैशाख आणि भाद्रपद यांमध्ये रुळाच्या पातळीत चौदा मिलिमीटरांचा फरक पडत असे. नव्या पायानंतरच्या पहिल्या वर्षी तो दोन मिलिमीटरांवर आला. तीन वर्षांच्या पावत्या, वाकलेली सायकल आणि जळलेली मोटार यांची बेरीज केली तेव्हा कळले की, पायाचा निम्मा खर्च आम्ही आधीच निरर्थक कामांत घालवला होता. तो हिशेब मी मनाला लावून घेत नाही. मात्र एक गोष्ट विसरत नाही. तराजूच्या दांडीत खोट आली तर आपण वजन वाढवून ती झाकत नाही, दांडी दुरुस्त करतो. घरच्या फाटकाबाबत मी तेवढे केले नव्हते.

हल्ली दर महिन्याला लाकडी ठोकळ्याची परीक्षा घेण्याचे काम नातीकडे आहे. फाटक मागे गेले की ती वहीत खूण करते आणि मला सही करायला लावते. हे काम आपणही येत्या ज्येष्ठापूर्वी एकदा करून पाहावे, ही विनंती.