लोकर आमची, हात तुमचे!

दसरा उलटला आणि हवेत जरा गारवा आला, की विणकाम येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानावर एक वाक्य हमखास येते: "लोकर आम्ही आणून देऊ हो, तुम्ही फक्त विणून द्या!" या वाक्यातल्या 'फक्त' या शब्दाशी माझे भांडण आहे, आणि ऐन दिवाळीत भांडण काढल्याबद्दल वाचकांची क्षमा मागून ते मी आज मनसोक्त भांडणार आहे.

असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. उलट आपण मोठ्या न्यायाने वागत आहोत, अशीच त्यांची समजूत असते. लोकर दुकानात विकत मिळते, तेव्हा तिचे पैसे द्यावयाचे. हात काय, घरचेच. त्यांचे पैसे कसले? शिवाय बाई दुपारची रिकामीच तर बसते. तिलाही तेवढाच विरंगुळा! अशा रीतीने मागणारा उपकारकर्ता ठरतो आणि विणणारी उपकृत.

मी शिक्षिका आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पण पुढचे गणित त्याहूनही सोपे आहे. ४० इंच छातीच्या गृहस्थाला पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा आहे. मध्यम जाडीची लोकर, इंचाला ५ टाके आणि ७ ओळी. पाठ आणि पुढचा भाग मिळून २०० टाके. २५ इंच उंचीला १७५ ओळी. म्हणजे ३५,००० टाके. मुंढे आणि गळा यांचे ३,००० वजा करा, दोन बाह्यांचे १५,००० मिळवा. बेरीज ४७,०००. सराईत हात मिनिटाला २५ टाके घालतो असे धरले, तरी एकतीस तास होतात. भाग जोडणे, गळ्याची पट्टी, धाग्यांची टोके आत लपवणे आणि चुकले तेथे उसवणे हे सारे धरून चाळीस. आठ तासांचा दिवस मानला, तर पाच दिवसांची मजुरी झाली. घराला रंग देणाऱ्याला "रंग आम्ही आणलाय, तुम्ही फक्त ब्रश फिरवा" असे सांगण्याची छाती कोणाला होते काय?

बरे, हे नुसत्या वेळाचे झाले. अकलेचा हिशेब निराळाच. हात थोडा घट्ट पडला आणि इंचात ५ ऐवजी साडेपाच टाके बसले, तर त्याच २०० टाक्यांत ४० ऐवजी जेमतेम साडेछत्तीस इंच भरतात, आणि गृहस्थांची बटणे लागेनाशी होतात! म्हणून जाणती बाई आधी चार बोटांचा तुकडा विणते, मोजते, उसवते आणि मगच टाके घालते. सुलट आणि उलट असे अवघे दोन टाके. पण त्यांच्यातून वेणी, जाळी, चौकडे काढताना ओळीओळीला जी मोजदाद डोक्यात चालते, ती करणाऱ्या बाईला 'रिकामी' म्हणणारा माणूस मला एकदा पाहावयाचा आहे.

आणि लोकर तरी कोणती? दुकानात लोकर म्हणून जी विकली जाते, तिच्यातली पुष्कळशी मेंढीच्या अंगावर कधी नव्हतीच. ते अॅक्रिलिक असते. धागा जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळून त्याची कठीण गुठळी होते. माझे अॅक्रिलिकशी वैर नाही. ते स्वस्त आहे, त्याला कसर लागत नाही, तान्ह्या बाळाचे टोपरे रोज धुवावे लागते तेथे ते सोयीचे आहे. पण ते घाम शोषत नाही आणि तापलेल्या इस्त्रीखाली त्याचा जीव जातो. खरी लोकर ऊब देते. मात्र गरम पाण्यात घालून चोळली, तर बापाचा स्वेटर लेकाच्या अंगाचा होऊन बाहेर येतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडीच शोभते, उघड्या गळ्याशी ती टोचते. मुंबई-कोकणच्या हवेत तर सुतासारखे दुसरे काही नाही. यांतले काय, कोणासाठी, हे ठरवणे हीच निम्मी विद्या. "लोकर आम्ही आणू" म्हणणारी मंडळी मात्र रंग पाहून लोकर आणतात, एक गुंडा कमीच आणतात, आणि उरलेला आठ दिवसांनी दुसऱ्याच रंगाईतला आणून देतात. मग उजवी बाही डावीपेक्षा फिकी दिसली, की दोष विणणारीचा!

'बायकांची हौस' हा शिक्का या कामावर मुळातच नव्हता, हेही सांगून ठेवते. युरोपात अल्सेस आणि सायलीशिया या भागांत विणकऱ्यांचे संघ होते, ते पुरुषांचे. वर्षानुवर्षे उमेदवारी करून, विणलेला गालिचा, टोपी, सदरा, मोजे असे नमुने करून दाखवावेत, तेव्हा कोठे उस्ताद म्हणून मान्यता मिळे. पेरू देशातल्या ताकीले बेटावर पुरुष आजही टोप्या विणतात, आणि २००५ साली युनेस्कोने त्या बेटाच्या वस्त्रकलेचा जगाचा वारसा म्हणून गौरव केला. पुरुषाने विणले तर वारसा, आमच्या वहिनींनी विणले तर विरंगुळा!

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, "एवढ्या पैशांत यंत्रावरचे दोन येतील." येतील ना! विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली केले. तेव्हापासून यंत्राचे स्वस्तच पडत आले आहे. मग तेच घ्या. माझी तक्रार नाही. पण हवे असते हातचे, आणि भाव मात्र यंत्राचा.

दुसरा आक्षेप, "तुम्हांला आवडते म्हणून तर विणता!" गवयालाही गाणे आवडते, म्हणून त्याच्या मैफलीचे तिकीट काढीत नाही काय? मला कादंबऱ्या लिहिणे आवडते. तरी संपादक मानधन देतात. (निदान देतो असे म्हणण्याची पद्धत आहे.)

तिसरा आक्षेप फार गोड आहे, म्हणूनच जास्त घातक: "यात माया असते हो, मायेचे का मोल करावयाचे?" माया असते, हे मला मान्य आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा देशभर बायकांनी कधी न पाहिलेल्या जवानांसाठी स्वेटर विणले. त्या टाक्यांचे मोल कोण करील? पण ते दान होते, आणि दान देणाराच ठरवतो. घेणाऱ्याने माप आणि रंग सांगून, "संक्रांतीच्या आत द्या" अशी मुदत घालून मागितले, की ती माया राहात नाही. ती कामाची मागणी होते.

जरा आपल्या फराळाच्या ताटाकडे पाहा. दिवाळीला चकली विकत आणणे ही एके काळी सुगरणपणाला लाज आणणारी गोष्ट होती. आज घरोघरी करून देणाऱ्या बायकांकडून आपण लाडू-अनारसे किलोच्या भावाने घेतो, पैसे मोजून देतो, आणि "भाजणी आम्ही दळून देऊ, तुम्ही फक्त तळा" असे म्हणत नाही. भाजणीला जे कळले, ते लोकरीला कळू नये?

आता थोडे विणणाऱ्यांनाही सुनावते. ज्यांच्या घरी पगार येतो, अशा काही जणी मोठेपणाने म्हणतात, "छे हो, मजुरी कसली? लोकरीचे निघाले म्हणजे झाले." त्यांच्या या मोठेपणाची किंमत त्याच गल्लीतली दुसरी कोणी भरते: जिची मुलांची फी याच दोन सुयांवर निघते ती. तिने रास्त मजुरी सांगितली, की गिऱ्हाईक म्हणते, "समोरच्या काकू तर काहीच घेत नाहीत!" बायांनो, फुकट द्यावयाचे असेल तर आपल्या माणसाला, आपल्या मनाने द्या, परक्याला फुकट देऊन शेजारणीची चूल विझवू नका.

करावयाचे ते सोपे आहे. टाके घालण्यापूर्वी दोन आकडे कागदावर लिहा: लोकरीचा आणि तासांचा. पहिला ऐकून मान डोलावणारा दुसरा ऐकून दचकला, तर जाड लोकर सुचवा. इंचाला ४ टाके पडले, की स्वेटरचे टाके तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक घटतात आणि मजुरीही. तेही नको असेल तर बाजार मोकळा आहे.

आणि यंदा आपल्यापैकी कोणी लोकरीची पिशवी घेऊन कोणा वहिनींच्या दारात उभे राहणार असेल, तर त्यांनी फराळाला हात लावण्यापूर्वी एवढेच विचारावे: "मजुरी किती घ्याल?" वहिनी संकोचतील, "राहू द्या हो" म्हणतील. तेव्हा राहू देऊ नये.